मारिनुस विसेचा खांब

कॉफीच्या यंत्रापाशी माणूस जे बोलतो ते कुणी मनावर घेऊ नये, असा एक नियम आमच्या नगरपालिकेने करायला हवा होता. मारिनुस विसे तिथे एकतीस वर्षं नियमच करत होता, पण हा तेवढा राहून गेला आणि त्याची शिक्षा त्यालाच झाली.

निवृत्तीला चार महिने उरले होते. एका सोमवारी तो यंत्राखाली पेला धरून उभा होता आणि शेजारी लीन उभा होता. लीन त्याच्याच खात्यातला, रस्त्यांच्या पाट्या रंगवून घेणारा. यंत्र घरघरत होतं आणि दोघांना बोलायला काही नव्हतं. आमच्याकडे दोन माणसं यंत्रापाशी न बोलता उभी राहिली, तर त्यांचं भांडण झालंय असं तिसरा धरून चालतो. म्हणून केवळ सभ्यपणा म्हणून मारिनुस म्हणाला, "सुटलो की त्या टेकड्यांमधून सायकलवर मनसोक्त हिंडणार आहे. खडीचे रस्ते, शिंपल्यांचे रस्ते, सगळे."

"तुला काय, तळहातासारखे पाठ आहेत ते," लीन म्हणाला.

"हो ना," मारिनुस म्हणाला. तेवढ्यात पेला भरला.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण मारिनुसने ती कुणालाही सांगितली नव्हती. समुद्राकाठच्या त्या वाळूच्या टेकड्यांमध्ये तो आयुष्यात कधी गेलेला नव्हता. तिथल्या प्रत्येक तिठ्याला आकडा त्याने दिला होता. कुठे पाटी, कुठे फाटक, कुठे सायकलला मज्जाव, कुठे कुत्रं साखळीला बांधायचं, सगळं त्याच्या सहीने झालं होतं. पण ते झालं होतं टेबलावर, भल्यामोठ्या नकाशावर, पट्टी आणि पेन्सिल घेऊन. पहिल्या वर्षी जायला वेळ झाला नाही. दुसऱ्या वर्षी जायचं ठरलं तर सर्दी झाली. तिसऱ्या वर्षी एका सभेत कुणीतरी म्हणालं, "मारिनुसला विचारा, त्याला तिथली काडी न् काडी माहीत आहे," आणि मारिनुसने मान डोलावली. मान डोलावायला किती वेळ लागतो? पण त्यानंतर तिकडे जायची सोय राहिली नाही. गेला, वाट चुकला आणि कुणी पाहिलं तर? तेव्हा न जाणंच बरं. एरवीही तो मूळचा आतल्या शेतांकडचा. त्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या समुद्राकडे पाठ करून बटाटे लावलेले. चार महिने काढले की हे गुपित आपल्याबरोबरच निवृत्त होईल, असं तो धरून चालला होता.

निरोपाच्या दिवशी केक आला. सगळ्यांनी मारिनुसचं अभिनंदन केलं, मग त्याची बायको यिकेमीन हिचं केलं, मग आपापसात एकमेकांचं केलं. सगळ्यांशी हात मिळवून झाल्यावर हेस्टर उभी राहिली. मारिनुसच्या खुर्चीवर आता ती बसणार होती. पोरगी हुशार, जरा जास्तच मेहनती.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

डोळे उघडले तेव्हा समोर सायकल होती. हिरवीगार, शिंगांसारख्या वाकड्या हँडलची, जाड चाकांची, खास खडीवर आणि वाळूवर चालवायची. शिंगांना नारिंगी फीत बांधलेली.

"तुम्ही म्हणाला होतात ना," हेस्टर म्हणाली. लीनचे डोळे पाणावले होते. वर्गणी त्यानेच गोळा केली होती.

मारिनुसने सायकलकडे पाहिलं. तिला उभं राहायला स्टँड नव्हता. घंटी नव्हती, मागे सामान ठेवायला जागा नव्हती, चिखलपट्ट्या नव्हत्या. आमच्याकडचा माणूस चालायला लागायच्या आधी सायकलवर बसतो हे खरं, पण ती सायकल म्हणजे ताठ बसून पाव आणायला जायचं वाहन. ही म्हणजे रागावलेली बकरी होती.

"आता एकच," हेस्टर म्हणाली. "पहिली फेरी आमच्या साक्षीने. तुम्ही तुमच्या रस्त्याने टेकड्यांमधून यायचं, आम्ही पलीकडे किनाऱ्यावरच्या पॅनकेकच्या खानावळीत थांबतो. खाऊन झालं की तुम्ही आम्हाला सगळ्या टेकड्या हिंडून दाखवायच्या. कुठली गोष्ट तुम्ही का केलीत, ते एकेक समजावून सांगायचं. मला फार शिकायचंय तुमच्याकडून."

सगळ्यांनी खिशातून वह्या आणि फोन काढून तारखा पाहिल्या. एकाचं दंतवैद्याकडे जाणं, एकीच्या मावशीचा वाढदिवस, असं करत करत पाच आठवड्यांनंतरचा एक गुरुवार सगळ्यांना मोकळा निघाला. बावीस मे, दुपारी बारा. आमच्याकडे वहीत लिहिलेलं जेवण रद्द करायला स्वतः मरावं लागतं, आणि तेही वेळेवर कळवून.

घरी येताना यिकेमीन म्हणाली, "चेहरा का असा?"

"भारावून गेलोय," मारिनुस म्हणाला.

ती त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली, आणि घरी पोचताच दारातलं पायपुसणं झटकायला लागली.

शेजारचा इझाक डिंगेमान्से याला सायकलीतलं सगळं कळतं. त्याला फुप्फुसातलं आणि छपरांतलंही कळतं. सायकल अंगणात आली तसा तो कुंपणावरून अलीकडे आला.

"टायरमध्ये हवा किती भरणार?"

"भरपूर," मारिनुस म्हणाला.

"मेलास. वाळूत हवा कमी पाहिजे."

"बरं, कमी."

"पण रस्त्यावर जास्त पाहिजे."

"मग मी करू काय?"

"मधे कुठेतरी उतरून काढायची," इझाक शांतपणे म्हणाला. "आणि ही काय घंटी लावलीस? आणि हे काय, स्टँड? मारिनुस, शर्यतीच्या घोड्याला तू दूधगाडी जोडलीस."

"घंटी नसणं बेकायदा आहे. ते परिपत्रक माझंच आहे."

इझाकने कपाळाला हात लावला, घरी गेला आणि आपली जुनी चड्डी घेऊन आला. आत जाड गादी शिवलेली, पिवळी आणि काळी. "ही घातल्याशिवाय बसायचं नाही. आत दुसरं काही घालायचं नाही."

"दुसऱ्याच्या चड्डीत मी आत काही न घालता बसू?"

"धुतलेली आहे."

यात किती दिवस गेले ते सांगत नाही. शेवटी मारिनुसने आत आपली नेहमीची चड्डी घालून वर ती घातली, आणि कशासाठी आत काही घालायचं नसतं ते त्याला पुढे बाविसाव्या किलोमीटरला समजलं. त्या पोशाखात तो जिन्यावरून खाली आला तेव्हा यिकेमीन बटाटे सोलत होती.

"निवृत्तीवेतन घेणारी मधमाशी," ती म्हणाली, आणि पुन्हा बटाट्यांकडे वळली.

टेकड्यांमध्ये शिरायला परवानापत्र लागतं. ते संगणकावरून काढावं लागतं, आणि ही पद्धतही मारिनुसनेच सुचवली होती, कारण खिडकीवरच्या बाईला लोक फार त्रास देत. संगणकाने त्याला सहा प्रश्न विचारले, चौथ्यावर त्याची ओळख विसरला आणि शेवटी एक पत्र छापून दिलं. यिकेमीनने ते चष्मा लावून वाचलं.

"यात लिहिलंय, कुत्र्यासह."

"कुत्रं कुठाय आपल्याकडे?"

"नाही ना. पण यात आहे. साखळीला बांधलेलं."

मारिनुसने फोन लावला. पलीकडचा गृहस्थ फार नम्र होता. कुत्रं काढता येईल म्हणाला, पण सहा कामकाजाचे दिवस लागतील. वाढवायचं असेल तर मात्र लगेच वाढवता येईल.

"मला दोन कुत्री नकोत," मारिनुस म्हणाला.

"मग आहे ते सांभाळा," गृहस्थ म्हणाला.

बावीस तारीख उजाडली. ऊन होतं आणि वारा नैऋत्येचा होता, म्हणजे समोरून. आमच्याकडे वारा कुठूनही आला तरी समोरूनच येतो. तिठ्यांचे आकडे एका कागदावर लिहून तो मारिनुसने शिंगांना चिकटवला: पंधरा, बत्तीस, सत्तेचाळीस, आठ. आठाला खानावळ. यिकेमीन बसने जाणार होती. दारात तिने त्याच्या हातात पाव-चीजचा डबा दिला.

"मारिनुस," ती म्हणाली, "जायलाच पाहिजे असं नाही."

"तारीख ठरलीय," मारिनुस म्हणाला.

पहिले पंधरा किलोमीटर शेतं. सपाट, इतकी सपाट की सकाळी दिसलेला चर्चचा मनोरा तासाभरानेही तिथेच असतो. एकीकडे कालवा, एकीकडे बांध, मधे खडीचा रस्ता. मारिनुसचे दात आपोआप वाजत होते. पण आपण सायकलवर आहोत आणि सायकल सरळ जातेय, एवढ्याने त्याला जरा धीर आला. पॅनकेक खायचे, पोटात दुखतंय म्हणायचं आणि बसने घरी यायचं, असा बेत त्याने बांधला. दाखवणं-बिखवणं काही नाही. बेत चांगला होता. तेवढ्यात त्याला कालव्यापलीकडे मेंढी दिसली.

मेंढी पाठीवर पडलेली होती, चारी पाय वर. लोकर जड झाली की मेंढी अशी उलटते, आणि कुणी सरळ केली नाही तर काही तासांत मरते. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बारा वाजता बैठक असो की स्वतःचं लग्न असो, उलटी मेंढी दिसली की उतरायचं. मारिनुसने घड्याळाकडे पाहिलं, मेंढीने मारिनुसकडे पाहिलं, आणि तो उतरला. स्टँड लावला तेव्हा इझाकची आठवण येऊन त्याला किंचित समाधान झालं.

कालव्याची फांदी अरुंद होती, पण मारिनुसची उडी त्याहून अरुंद निघाली. एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. त्याने मेंढीला लोकरीत धरून लोटलं. ती उभी राहिली, दोन पावलं गेली आणि दुसऱ्या अंगावर पडली. पडून पडून तिला घेरी आली होती. अशा वेळी मेंढीला दोन्ही गुडघ्यांत धरून तिचं डोकं ठिकाणावर येईपर्यंत उभं राहावं लागतं. मारिनुस तसा उभा राहिला. पिवळी-काळी चड्डी, एक पाय चिखलाचा, गुडघ्यांत मेंढी.

रस्त्यावरून एक म्हातारं जोडपं आलं. दोघांच्या विजेवरच्या सायकली एका रंगाच्या, दोघांची जाकिटं एका रंगाची. पाय न हलवताच ते चालले होते.

"शुभ सकाळ," म्हातारा म्हणाला.

"शुभ सकाळ," मारिनुस म्हणाला.

"आणखी जरा धरा," म्हातारी म्हणाली. "हिचे डोळे अजून फिरताहेत."

ते गेले. मेंढीही गेली, आभार न मानता. अर्धा तास गेला होता.

टेकड्या सुरू झाल्या तेव्हा साडेअकरा वाजले होते. मारिनुसने फाटक उघडलं, आणि ज्या जागेबद्दल त्याने एकतीस वर्षं अधिकाराने मतं दिली होती तिथे त्याचं पहिलं पाऊल पडलं. ते बरंच खोल गेलं. नकाशावर ही वाळू फिकट पिवळी आणि अगदी टणक होती. त्याने इझाकच्या सल्ल्याप्रमाणे हवा काढली. थोडी जास्त निघाली.

सत्तेचाळीस नंबरचा तिठा सापडला. तिथून आठाकडे बाण होता. त्या दोन आकड्यांच्या मधे एकही पाटी नाही हे मारिनुसला पक्कं माहीत होतं. नकाशावर तिथे एक सरळ रेघ होती. सरळ रेघेला पाटी लावणं म्हणजे उधळपट्टी, असा शेरा त्याने स्वतः मारला होता, आणि त्याबद्दल साहेबांनी त्याचं कौतुकही केलं होतं.

पहिल्या वळणाला रेघ दोन ठिकाणी फुटली. पुढे त्यातली एक तीन ठिकाणी फुटली. मारिनुस उभा राहिला. चहूकडे वाळूचे उंचवटे, त्यावर ताठ गवत, मधे काटेरी झुडपं आणि वर आरडाओरडा करणारे समुद्रपक्षी. आयुष्यात त्याला एखाद्या पाटीची इतकी गरज कधी वाटली नव्हती. समोरून फिरायला आलेल्या दोन बायका आल्या. त्यांच्या हातात नकाशा होता.

"माफ करा, आठ नंबर कुठे हो?" एकीने विचारलं.

"आठ ना," मारिनुस म्हणाला. सवय वाईट असते. त्याने डावीकडे बोट दाखवलं, आणि त्या बघत होत्या म्हणून त्याला स्वतःलाही डावीकडे जावं लागलं.

डावीकडचा रस्ता अरुंद होत गेला. एक आडवी दोरी लागली, ती त्याने सायकल उचलून ओलांडली. कसलीशी लहान पाटी गवतात झाकलेली होती. पुढे रस्ता चढला, चढतच गेला, आणि माथ्यावर जाऊन एकदम रुंद, शिंपले घातलेल्या वाटेला मिळाला. ती वाट खाली उतरत होती, आणि उताराच्या टोकाला समुद्र होता. निळा, मोठा, चुकण्यासारखा नाही. समुद्र म्हणजे किनारा आणि किनारा म्हणजे खानावळ. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. मारिनुसने सायकलवर टांग मारली.

उतार नकाशावर दिसत नाही. तिथे सगळं सपाट असतं. इथे सायकल बकरीसारखी उधळली. कानात वारा शिरला, शिंपले करकरले, आणि त्या वेगात मारिनुसला पहिल्यांदाच वाटलं की ह्यात काहीतरी आहे. मग त्याला खांब दिसला.

खांब वाटेच्या बरोबर मधोमध होता. लोखंडी, लाल-पांढरा, उताराच्या अगदी पायथ्याशी, जिथे माणसाचा वेग सगळ्यात जास्त असतो. डावीकडून जावं तर उजवीकडे वाटत होतं, उजवीकडून जावं तर डावीकडे. मारिनुसने दोन्ही ब्रेक दाबले. सायकल थांबली. मारिनुस थांबला नाही.

तो उठला तेव्हा काटेरी झुडपात होता, आणि समोर बाकावर एक माणूस बसून थर्मासमधून कॉफी ओतत होता. हिरवा गणवेश, दाढी पिकायला लागलेली. टेकड्यांचा राखणदार. त्याचं नाव हाइन, हे छातीवर शिवलेलं होतं.

"काही मोडलं?" हाइनने बसल्या जागेवरून विचारलं.

"नाही वाटत."

"मग या बाहेर. हळू या, ते काटे उलटे असतात." त्याने पेला बाकावर ठेवला. "वर डावीकडच्या वाटेने आलात. पक्ष्यांची अंडी आहेत तिथे. पंधरा मार्च ते पंधरा जुलै बंद."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहायला कशाला पाहिजे? मी इथेच बसतो. सगळे इथेच येऊन पडतात. परवाना?"

मारिनुसने ओला परवाना काढून दिला. हाइनने तो वाचला, झुडपाकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं.

"कुत्रं कुठाय?"

"कुत्रं नाहीये."

"यात आहे."

"चुकून आलंय."

"हे बघा आजोबा, कुत्रं पक्ष्यांत सोडलं असेल तर आत्ताच सांगा."

"मला कुत्रं नाही, कधीच नव्हतं. काढायला सहा कामकाजाचे दिवस लागतात."

हे शेवटचं हाइनला पटलं. त्याने वही काढली. "नाव?"

"मारिनुस विसे."

हाइनची पेन्सिल थांबली. त्याने मान वळवून मागच्या फलकाकडे पाहिलं. पावसापासून वाचवायला प्लॅस्टिकमध्ये घातलेला आदेश होता: अमुक ते अमुक तारखेपर्यंत वाट बंद, आणि खाली, बऱ्यापैकी ठळक, मा. विसे.

"त्या विसेंचे कोण तुम्ही?"

इथे सुटायला जागा होती. आमच्या भागात विसे पोत्याने सापडतात. चुलतभाऊ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पाठीत काटे असताना माणसाला लांबलचक खोटं सुचत नाही.

"तोच," मारिनुस म्हणाला.

हाइनने वही मिटली. "अकरा वर्षं," तो म्हणाला, "अकरा वर्षं मी तुम्हाला भेटायचं म्हणतोय. नऊ पत्रं लिहिली तुम्हाला ह्या खांबाबद्दल. दर वेळी एकच उत्तर. खांबाची जागा विचारपूर्वक निश्चित करण्यात आली आहे."

मारिनुसला ते वाक्य ओळखीचं वाटलं. ते त्याने एकदाच टंकून ठेवलं होतं. फार सोयीचं वाक्य होतं.

"आता प्रत्यक्ष भेटलात तर एवढंच सांगा," हाइन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरी उत्सुकता होती. "कारण काय होतं? मी इथे बसून रोज विचार करतो. वाटलं पाण्याचा निचरा असेल. वाटलं लोकांचा वेग कमी करायचा असेल. माझी बायको म्हणते जुना बॉम्ब पुरलेला असेल."

मारिनुस बाकावर बसला. चड्डीतून चिखलाचं पाणी निथळलं.

"मोटारी शिरू नयेत म्हणून खांब लावायचा होता," तो म्हणाला. "नकाशावर ही वाट सपाट आहे. मधोमध बरा दिसला."

"पण उतार?"

"मला माहीत नव्हता."

"डोळ्यांनी दिसतो की."

"मी इथे आज पहिल्यांदा येतोय."

वर पक्षी ओरडत राहिले. हाइनने थर्मासचं दुसरं झाकण काढलं, कॉफी ओतली, कागदातून दालचिनीचा चिकट गोड पाव, म्हणजे बोलुस, काढला आणि अर्धा तोडून मारिनुसच्या हातात दिला. आमच्याकडे राखणदार गुन्हेगाराला बोलुस देत नाही. मारिनुसने तो मुकाट्याने खाल्ला, आणि खाता खाता त्याच्या लक्षात आलं की छातीवरचं काहीतरी हललंय. आपण इथे कधी आलोच नव्हतो, हे एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मोठ्याने म्हटलं होतं, आणि टेकड्या होत्या तिथेच होत्या.

"तिथे माणसं थांबलीत माझी," तो म्हणाला. "खात्यातली. त्यांना वाटतं मला हे सगळं पाठ आहे. जेवण झालं की मी त्यांना हिंडवून दाखवायचंय."

"मग काय सांगणार?"

"काय सांगू?"

"मला विचारू नका. मी कुणाला काही बोलणार नाही," हाइन म्हणाला. "वाट दाखवतो. चला."

त्याने सायकलचं पुढचं चाक गुडघ्यांत धरून वाकडी शिंगं सरळ केली, आणि दोघं सायकल ढकलत निघाले. खानावळ दहा मिनिटांवर होती. मारिनुसला ती दहा मिनिटं एकतीस वर्षांपेक्षा लांब वाटली.

बाहेरच्या लांब टेबलाशी सगळे होते. लीन, हेस्टर, खात्यातले आणखी तिघे आणि टोकाला यिकेमीन.

"आले," लीन म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? टेकड्यांत गेला की याला वेळेचं भान राहत नाही. राखणदारसुद्धा ओळखीचा आहे बघा."

"आम्ही काळजीत होतो," हेस्टर म्हणाली. "पण लीन म्हणाले, दुसरं कुणी असतं तर वाट चुकले म्हटलं असतं. मारिनुस कसे चुकतील?"

खुर्ची ओढलेली होती, पॅनकेकवर पाक ओतलेला होता आणि सबब जिभेवर तयार होती. हाइन दुसरीकडेच बघत उभा होता. मारिनुसने यिकेमीनकडे पाहिलं. तिने काटा खाली ठेवला होता.

"मी चुकलो," मारिनुस म्हणाला. "सत्तेचाळीसच्या पुढे लगेच चुकलो. तिथे पाट्या पाहिजेत, पाच तरी. बंद वाटेने आलो आणि माझ्याच खांबापायी झुडपात आपटलो. मी या टेकड्यांमध्ये आज पहिल्यांदा आलो. एकतीस वर्षं नुसता नकाशा बघत होतो. तेव्हा मी तुम्हाला काही दाखवू शकत नाही. सायकल हवी तर परत घ्या."

हेस्टर त्याच्याकडे टक लावून बघत होती, आणि मारिनुसला वाटलं, आता ती जे बोलेल ते आपल्याला मरेपर्यंत पुरेल.

"म्हणजे त्या खांबाला कारण नाही?" ती म्हणाली.

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

हेस्टर खुर्चीत मागे रेलली. "देवा रे," ती हळूच म्हणाली. "त्याची फाइल पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलावर आहे. चौसष्ट तक्रारी. रात्रंदिवस वाचतेय. म्हटलं, मारिनुसनी ठेवलाय म्हणजे यात काहीतरी असणार, मलाच ते कळत नाही. मी राजीनामा द्यायचा विचार करत होते हो."

"मी पण कधी नाही गेलो टेकड्यांत," लीन एकदम म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "पाट्या मी रंगवून घेतो. ठोकायला कंत्राटदार जातो. तुझ्यासमोर बोलायची लाज वाटायची, तुला सगळं पाठ म्हणून."

मारिनुस खुर्चीत बसला, आणि इझाकच्या चड्डीतल्या गादीचा त्या दिवशी पहिल्यांदा उपयोग झाला.

"तुला माहीत होतं?" त्याने यिकेमीनला हळू आवाजात विचारलं.

"एकतीस वर्षं दारातलं पायपुसणं मी झटकतेय," ती म्हणाली. "शेजारणी म्हणायच्या, टेकड्यांत गेलं की घरभर वाळू होते. आपल्याकडे एक कण नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बोलायचं असेल तेव्हा बोलशील." तिने त्याच्या पाठीतला एक काटा उपटला. "इतका वेळ लावशील असं नव्हतं वाटलं. खा, गार होतंय."

हाइनने घसा साफ केला. असले खांब काढता येण्यासारखे असतात, चावी अकरा वर्षं आपल्या खिशात आहे, फक्त लेखी हुकूम पाहिजे, असं तो म्हणाला. हेस्टरने खानावळीच्या यादीचा कागद उलटा केला, त्यावर हुकूम लिहिला आणि सही ठोकली. पॅनकेक तसेच टाकून सगळं खातं उठलं.

कुलूप उघडलं, पण खांब निघेना. गंज चढला होता. हाइनने वंगण घातलं, लीनने लाथ मारली, मग सगळ्यांनी मिळून धरलं आणि ओढलं. तिसऱ्या झटक्याला खांब उपटून आला आणि नगरपालिकेचं अख्खं रस्ते खातं वाळूत पाठीवर पडलं, चारी पाय वर. मारिनुसने एकेकाला हात देऊन सरळ केलं. त्याला सराव झाला होता.

खांब गेल्यावर भोक राहिलं, हाइनने ते पायाने बुजवलं. मारिनुसने सायकल उचलली आणि तो टेकडी चढू लागला. कुणी विचारलं नाही कुठे चाललास. माथ्यावर पोहोचून त्याने मागे पाहिलं. खाली यिकेमीन बाकावर बसून उरलेला पॅनकेक खात होती. बाकीचे सगळे वाटेच्या मधोमध, खांब होता नेमक्या त्याच जागी घोळका करून उभे होते. नवा खांब कुठे लावावा यावर त्यांची चर्चा सुरू झाली होती. लीन बोटाने वाळूत नकाशा काढत होता.

"बाजूला व्हा," मारिनुस वरून ओरडला, आणि सुटला.

वाट मोकळी झाली. कुणी डावीकडे पळालं, कुणी उजवीकडे. हेस्टर हसत होती, लीनच्या नकाशावरून चाक गेलं. मारिनुसने ब्रेकला बोटसुद्धा लावलं नाही. तो त्यांच्यामधून गेला, बाकाच्या शेजारून गेला, शिंपले संपून वाळू लागली तिथपर्यंत गेला आणि समुद्रापासून दहा पावलांवर आपोआप, हळू, आडवा झाला.

कुठे लागलं नव्हतं. तोंडात वाळू गेली होती. दाताखाली कचकचत होती, आणि ती त्याने थुंकून टाकायची घाई केली नाही.